उक्षीला गाडी थांबली होती तेव्हा मी उतरलो नाही

सडाफटिंग
शनिवार, रात्री ११:१०

सात-आठ वर्षं झाली. मे महिना, कणकवलीला मावसभावाचं लग्न आणि रिझर्वेशनच्या नावाने शंख. शेवटी दिव्याहून सकाळची सावंतवाडी पॅसेंजर पकडली. जनरलच्या डब्यात खिडकी मिळाली हेच पूर्वपुण्य. चिपळूणपर्यंत गाडी बऱ्यापैकी पळाली. पुढे मात्र जे स्टेशन येईल तिथे आम्हाला बाजूला काढून एक्स्प्रेसांना वाट देणं सुरू झालं. उक्षीला तर अशी लावून ठेवली की लोक खाली उतरून झाडाखाली जाऊन बसले.

माझ्यासमोर चिपळूणला चढलेले एक आजोबा होते. खांद्यावर टॉवेल, पायाशी बाजाराची पिशवी, त्यातून नव्या कोयत्याची मूठ बाहेर आलेली. चिपळूणच्या फलाटावर त्यांनी पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली होती. एकेक मला देत होते, आणि प्रत्येक वेळी विचारत होते, "कोंबडा का कोंबडी?" मी पस्तिशीचा बाप्या. तरी अर्धं करवंद दातांनी तोडून आतला रंग त्यांना दाखवत होतो. लाल निघालं की कोंबडा. सलग चार कोंबडे निघाले तेव्हा आजोबा खूष झाले, जणू करवंदं त्यांनीच पिकवली होती.

उक्षी त्यांचं गाव. उतरायला उठले आणि म्हणाले, "गाडी आता तासभर हलायची नाय. आमच्या सड्यावर हत्ती हाय. कातळात काढलेला, हा एवढा मोठा. येता काय बघायला? गाडी गेलीच तर पोरगा रिक्षाने सोडील रत्नागिरीला."

मी हसलो. "पुढच्या वेळी नक्की," म्हणालो. ज्यांना पुन्हा भेटायचं नसतं त्यांनाच आपण हे वाक्य म्हणतो. माझ्या डोक्यात त्या वेळी कुठल्याशा देवळाच्या पायरीवरचा झिजका हत्ती आला होता. लग्न दुसऱ्या दिवशी. आदल्या संध्याकाळी कणकवलीत माझ्यावाचून कोणाचं काही अडलेलं नव्हतं. गाडी त्यानंतर सव्वा तास उभी होती. रेंज नव्हती म्हणून तो सव्वा तास मी मोबाईलवर फळं कापायचा खेळ खेळलो. हे मुद्दाम सांगतोय, नाहीतर तुम्हाला वाटेल काहीतरी घाई होती.

मग आलं २०२२. कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेल्याची बातमी. सकाळी चहा पिताना गावांची नावं वाचतोय: कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरुण, उक्षी. उक्षीवर बोट थांबलं. पुढे लिहिलेलं, अभ्यासकांच्या मते यातली काही चित्रं दहा हजार वर्षांपूर्वीचीही असू शकतील. चहा निवला.

गेल्या डिसेंबरात जाऊन आलो. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, वाळलेलं गवत, काळा पडलेला कातळ. हत्तीभोवती आता बघण्यासाठी गोल कट्टा बांधलाय. मी आधी खाली उभा होतो, तर नुसत्या चरा दिसत होत्या, कोणी पहारीने उगाच ओढल्यासारख्या. कट्ट्यावर चढलो. ऊन कललेलं होतं, चरांमध्ये सावली भरली होती, आणि एकदम सोंड दिसली. मग पाठ. मग अख्खा हत्ती. पाच मिनिटांपूर्वी मी त्याच्याकडेच बघत होतो आणि तो नव्हता.

परत येताना दुकानात आजोबांची चौकशी केली. दुकानदाराने विचारलं, "नाव काय त्यांचं?"

नाव मी विचारलंच नव्हतं. खांद्यावर टॉवेल, बोलके, हत्तीचं कौतुक, असं वर्णन केलं. तो म्हणाला, "अहो, असे पन्नास जण हायत गावात."

प्रवासात माणसं भेटतात आणि आयुष्य समृद्ध होतं असं सगळेच म्हणतात. माझ्याकडे सांगायला हुकलेली भेट आहे. तुमच्या सांगा. झालेल्या, हुकलेल्या, अंगाशी आलेल्या.


गोधडी
शनिवार, रात्री ११:३४

कोंबडा की कोंबडी वाचून थेट आजोळी पोचले. आम्ही हरलेल्याला सगळ्या बिया गिळायला लावायचो. सविस्तर उद्या लिहिते.


लूपलाईन
रविवार, सकाळी ७:०५

धागा आवडला. थोडी भर घालतो, कारण गाडी उक्षीलाच का रखडते याला कारण आहे. कोकण रेल्वे रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर. त्यात रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, बाकी बहुतेक सगळा मार्ग एकेरी. समोरून येणारी आणि मागून येणारी गाडी एकमेकींना ओलांडणार ती फक्त स्टेशनात. पॅसेंजरला मान सगळ्यात कमी, म्हणून तिला लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर टाकतात. उक्षी आणि भोके या स्टेशनांच्या मध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. समोरची गाडी त्यातून बाहेर पडेपर्यंत तुम्हाला सोडणार कसे?

वडील रेल्वेत होते. ते म्हणायचे, क्रॉसिंगला थांबलेल्या गाडीत लग्नं जमतात आणि भांडणं मिटतात. आमच्या आत्याचं स्थळ असंच जमलं म्हणे. आत्या मात्र त्या क्रॉसिंगला आजही शिव्या घालते.


माजघर
रविवार, सकाळी १०:२०

सडाफटिंग, छान लिहिलंय. पण वाचताना सारखं वाटत होतं की तुमच्या जागी मी असते तर हा धागाच निघाला नसता. अनोळखी पुरुष, अनोळखी गाव, "पोरगा सोडील रिक्षाने". मी हसलेसुद्धा नसते, खिडकीबाहेर बघितलं असतं. आणि ते चुकलं असं मला आजही वाटणार नाही. एकटीने फिरताना माझे नेम ठरलेले आहेत. कुठे उतरणार ते सांगायचं नाही. मुक्काम कुठे तेही नाही. एसटीत शक्यतो कंडक्टरच्या नजरेच्या टप्प्यात बसायचं. मोकळेपणा परवडतो तो शेजारी आजी असली की.

तर अशीच एक आजी. २०२३ चा सप्टेंबर, सातारा-बामणोली गाडी. मी कासला फुलं बघायला निघालेले. बायकांना अर्धं तिकीट त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालं होतं, त्यामुळे गाडीत बायकाच बायका. शेजारच्या आजीने कंडक्टरपुढे आधार कार्ड धरलं. प्लॅस्टिकचं, गुळगुळीत, आणि वर रुमालाची घडी. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी फुकट आहे ना, ते. कंडक्टर गेल्यावर मला म्हणाली, "मला तिकीट न्हाई लागत. म्हनून येते."

"कोणाकडे?"

"कुनाकडं न्हाई. पानी बघाय."

तिचं माहेर कोयनेच्या धरणात गेलेलं. शिवसागर जलाशय भरायला लागला तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. लग्न होऊन साताऱ्याच्या बाजूला आली, आणि पुढे साठ वर्षं बामणोलीला यायला तिच्याकडे कारणच नव्हतं. तिकडे कोणी नातेवाईक उरले नव्हते. कारणाशिवाय सून, सासू, आई कोणी एसटीत बसतं का? नवऱ्याला काय सांगणार? पुढे मुलाला काय सांगणार? तिकीट माफ झालं आणि कारणही माफ झालं. महिन्यातून एकदा यायची, धक्क्यावर बसायची, त्याच गाडीने परत.

मी कासला उतरले नाही. बामणोलीपर्यंत गेले. आजी पाण्याकडे बोट करून दाखवत होती, तिथं आमचं जोतं, तिथं वड, तिथं चढ होता आणि मी पडले होते. मला अर्थातच नुसतं पाणी दिसत होतं. आता तुमच्या चरांचं वाचून ते आठवलं. कट्टा आजीकडे होता, माझ्याकडे नव्हता.

फुलं त्या वर्षी बघायची राहिलीच. पुढच्या वर्षी बघितली. बरी होती.


गोधडी
रविवार, सकाळी ११:०२

माजघर, काय लिहिलंस गं! "तिकीट माफ झालं आणि कारणही माफ झालं." आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मलाही पंच्याहत्तर होऊ देत, मग बघ.


ब्राऊनश्वायगकर
रविवार, दुपारी ३:४५

माजघर यांच्या आजीची जर्मन बहीण मला भेटली आहे. ऐका.

जर्मनीत शिकायला आलो तेव्हाची, २०१० च्या आसपासची गोष्ट. इथे तेव्हा 'श्योनेस वोखनएंडे तिकीट' नावाचा प्रकार होता, सुट्टीच्या दिवसाचं तिकीट. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत, दिवसभर, देशात कुठेही, अट एकच की साध्या रीजनल गाडीने जायचं. जलद गाडी चालणार नाही. मग व्हायचं काय, की शनिवारी सकाळी फलाटावर लोक पाचाची मोट बांधायचे. "लाइपझिगला चाललात का? तिकिटावर जागा आहे का?" जो जर्मन माणूस लिफ्टमध्ये शेजाऱ्याशी बोलत नाही, तो इथे अनोळखी विद्यार्थ्याला हटकून विचारायचा. वर्गणी व्हायची आणि पाचही जण नाइलाजाने एकत्र बसायचे, कारण तिकीट एकाच्याच खिशात!

अशाच एका मोटेत सत्तरीच्या एक बाई आल्या. लोकरीचे मोजे विणत होत्या. हाल्बरश्टाट गावच्या. म्हणजे जुन्या पूर्व जर्मनीतल्या, सीमेच्या अगदी जवळच्या. पलीकडचं गोसलार जेमतेम चाळीस-पन्नास किलोमीटर. तिथे त्यांची मावसबहीण. सदतीस वर्षं मध्ये कुंपण. १९८९ च्या नोव्हेंबरात सीमा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात त्या गोसलारला गेल्या. मी म्हटलं, खूप आनंद झाला असेल. त्या म्हणाल्या, "बहिणीशी बोलायला काहीच नव्हतं. दोघी कॉफी पीत बसलो. मला येण्याजाण्याचाच आनंद जास्त होता." तेव्हापासून दर शनिवारी कुठेतरी जातात. काम काही नसतं. जाता येतं म्हणून जातात.

मोज्याचा एक पाय विणून झाला होता, तो मला घालून बघायला लावला. माप नातवाचं होतं, आणि नातवाचा पाय माझ्याएवढा आहे असं त्यांचं मत पडलं. अनोळखी बाईसमोर चालत्या गाडीत बूट काढायचा, तोही भोक पडलेल्या मोज्याचा! काय ती लाज. पण मोजा बसला.

ते तिकीट २०१९ मध्ये बंद झालं. मे २०२३ पासून महिन्याचं डॉइचलांड तिकीट आलं. सुरुवातीला ४९ युरो, देशभर चालणारं, फारच सोयीचं. मीही वापरतो. पण ते ज्याचं त्याचं स्वतंत्र असतं. आता फलाटावर कोणाला काही विचारायची गरज पडत नाही, आणि कोणी विचारतही नाही.


चेंगट
रविवार, सायंकाळी ६:१५

खरं आहे. पूर्वी माणसं प्रवासात बोलायची. मोबाईलने सगळी वाट लावली. धन्यवाद.


गोधडी
रविवार, सायंकाळी ६:४०

चेंगट, आमचे बाबा पुणे-मुंबई-पुणे सव्वीस वर्षं अप-डाऊन करत होते. पेपर उघडायचे तो कर्जतला वडा घ्यायलाच मिटायचे. समोरच्याने पेपराचं आतलं पान मागितलं तर तेवढं द्यायचे, न बोलता. त्यांना मोबाईल लागला नाही.

मात्र डेक्कन क्वीनच्या डायनिंग कारमध्ये गोष्ट वेगळी. तिथे टेबलाला समोरासमोर बसावं लागतं आणि मीठ-मिरपूड एकच असते. बाबा म्हणतात, "माझ्या आयुष्यातले निम्मे मित्र मिरपूड मागताना झालेत." त्यातला एक पुढे माझा सासरा झाला. (हो, खरंच. आणि हो, त्यावर वेगळा धागा निघू शकतो. काढणार नाहीये.)


बुडबुडा
रविवार, रात्री ९:३०

सगळे फार गोड गोड लिहितायत, म्हणून जरा मीठ टाकतो.

मी अनोळखी माणसांशी भरभरून बोलणाऱ्यांतला होतो. होतो. रात्रीची गाडी, समोर पन्नाशीचे एक गृहस्थ, कपाळाला गंध, मुलीच्या लग्नाच्या गोष्टी. माझ्या मुलीचीही चौकशी. स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला. मला जाग आली ती माझं स्टेशन जाऊन तीन तास झाल्यावर, तेही टीसीने गदागदा हलवलं तेव्हा. पाकीट, फोन, घड्याळ, बॅग गेली. बायकोने तिच्या भावासाठी दिलेला बेसनाच्या लाडवांचा डबा तेवढा डोक्याशी नीट ठेवलेला. लाडू त्यांना आवडत नसावेत.

दोन दिवस डोकं जड होतं. पैशाचं दुःख गेलं, पण त्या माणसाने माझ्या मुलीचं नाव विचारलं होतं आणि मी सांगितलं होतं, ते अजून जात नाही.

तेव्हा मुद्दा असा. ज्यांचं चांगलं होतं ते धागे काढतात. ज्यांचं वाईट होतं ते गप्प बसून साखळीने बॅग बांधतात. धागे वाचून जगाचा अंदाज बांधायचा तर निम्माच बांधला जाईल.

आणि सडाफटिंग, राग मानू नका, पण तुम्ही त्या आजोबांच्या हातची करवंदं खाल्लीत आणि त्यांच्याबरोबर भर दुपारी गावात गेला नाहीत. मी आता नेमकं उलट करीन.


सडाफटिंग
रविवार, रात्री १०:०८

बुडबुडा, राग कसला. तुमचं शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. बरोबर आहे. जिथे जपायला हवं होतं तिथे मी निर्धास्त होतो, आणि भर दिवसा, चार घरं दिसत असताना, स्टेशनमास्तर समोर उभा असताना कचरलो. कारण करवंदं खायला मला जागचं हलायचं नव्हतं. आळसाला आपण सावधपणा म्हणतो. माजघर ज्याला नेम म्हणतात तो खरा सावधपणा, तो विचार करून ठरवलेला आहे. माझं तसं काही नव्हतं.

तुमच्या मुलीच्या नावाचं वाचून वाईट वाटलं. त्यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नाही.


माजघर
रविवार, रात्री १०:३१

बुडबुडा, पहिल्यांदाच तुमच्याशी सहमत. तारीख लिहून ठेवते.


परकम्मा
सोमवार, पहाटे ५:१२

नर्मदे हर. निवृत्तीनंतर नर्मदेची पायी परिक्रमा केली, त्यातला एक किस्सा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मैया कायम उजव्या हाताला ठेवायची, पात्र कुठेही ओलांडायचं नाही. ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालं की शूलपाणीची झाडी, राजपीपळा, अंकलेश्वर असं करत विमलेश्वरला येतो. तिथे समुद्र लागतो. तिथून होडीने पलीकडे मिठी तलाईला उतरायचं आणि उत्तर तटाने परत फिरायचं. होडी भरती बघून सोडतात. माणसं जमेपर्यंत, पाणी चढेपर्यंत थांबायचं. घाई करून उपयोग नाही.

राजपीपळ्याच्या पुढे मला एक बाबाजी भेटले. मौनी. कमंडलू, काठी, पांढरी वस्त्रं. नऊ दिवस आम्ही बरोबर चाललो. एक शब्द नाही. दोन बोटं वर केली की चहा, तळहात आडवा केला की मुक्काम. सदावर्तात पीठ-डाळ मिळाली की टिक्कड ते भाजायचे, डाळ मी शिजवायचो. माझी डाळ खारट झाली की ते आकाशाकडे बघायचे. पायाला फोड आला तेव्हा त्यांनी माझ्या पायाला हात लावू नये म्हणून मी संकोचाने मागे सरलो, तर त्यांनी काठीने माझ्या डोक्यात हळूच टोला मारला आणि फोडाला बाभळीचा काटा टोचला. मी त्यांना उत्तर प्रदेशी समजत होतो. का, ते विचारू नका. चेहरा तसा वाटला.

विमलेश्वरला दोन रात्री काढल्या. तिसऱ्या दिवशी अंधारात होडी सुटली. उजाडता उजाडता मोठी लाट आली, होडी एका अंगावर गेली आणि बाबाजी माझं मनगट आवळून ओरडले, "आई गं! मेलो गं आई!"

अस्सल घाटावरचं मराठी. नऊ दिवस मी त्यांच्याशी हिंदीत बोलत होतो! होडीतले सगळे "नर्मदे हर" करतायत आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. मला हसू आवरेना. मग त्यांनाही. पोट धरून, आवाज न करता हसले, कारण मौन मोडलं ते मोडलं, आता आणखी नको.

पलीकडे उतरल्यावर त्यांनी प्रायश्चित्त म्हणून दिवसभर उपास धरला. मीही धरला, सोबतीला. दुसऱ्या दिवशी त्यांची चाल पुढे, माझा फोड मागे. कोणत्या गावचे, घरी कोण, मौन कशासाठी, काही कळलं नाही. सडाफटिंग, तुम्ही नाव विचारलं नाही म्हणून हळहळताय. मी विचारलं होतं, पहिल्याच दिवशी. त्यांनी मैयाकडे बोट दाखवलं.


ब्राऊनश्वायगकर
सोमवार, सकाळी ८:५०

"आकाशाकडे बघायचे". ऑफिसात मोठ्याने हसलो, शेजारची बाई घाबरली.


कातळवेडा
सोमवार, दुपारी १:२५

धाग्याच्या विषयाला धरून एक गोष्ट सांगायलाच हवी. ही कातळशिल्पं उजेडात आली त्यातली कितीतरी अशाच गप्पांमधून. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी सड्यांवर फिरले ते गावकऱ्यांना, गुराख्यांना विचारत. सडा केवढा, चर केवढी. त्यात वर्षातले चार महिने पाऊस आणि पुढे गवत. विचारल्याशिवाय सापडणार कसं? ज्याची गुरं तिथे चरतात त्यालाच ठाऊक असतं. फक्त तो त्याला कातळशिल्प म्हणत नाही. कोणी पांडवांचं काम म्हणतं, कोणी नुसतंच "चित्रं".

त्यामुळे प्रश्न कसा विचारता यावर सगळं असतं. पहिल्या खेपेला मी गेलो तो "इथे प्रागैतिहासिक खोदचित्रं आहेत का?" असं विचारत. लोक म्हणाले, नाहीत. दुसऱ्या खेपेला एका काकूंनी विहिरीवर पाणी दिलं, गुरांवरून बोलणं निघालं, तर त्या स्वतःच म्हणाल्या, "वर कातळावर मासा काढलेला हाय, तो बघितलात?" मी आदल्या दिवशी तिथूनच गेलो होतो. बहुधा माशावर पाय देऊन.

देवाचे गोठणेच्या सड्यावर जाल तर होकायंत्र घेऊन जा. तिथल्या मानवाकृतीजवळ सुई भलतीच दिशा दाखवते, दगडातल्या चुंबकत्वामुळे. मला ते एका शाळकरी पोराने दाखवलं. त्याच्या कंपासपेटीत एवढंसं होकायंत्र होतं आणि ते तो फक्त पाहुण्यांसाठी बाळगतो, असं म्हणाला. दहा रुपये मागितले. दिले. मग त्याने ते मला हातात धरू दिलं.


सडाफटिंग
सोमवार, दुपारी २:०५

कातळवेडा, "माशावर पाय देऊन" हे माझ्या अख्ख्या धाग्यापेक्षा भारी आहे.

जाता जाता, शनिवारपासून एक गोष्ट डोक्यात फिरतेय. आजोबांनी मला का बोलावलं असेल? त्या डब्यात पन्नास माणसं होती. मी काही विचारलं नव्हतं. बहुतेक त्या दुपारी त्यांना कोणालातरी हत्ती दाखवायचा होता आणि सलग चार कोंबडे निघाले म्हणून मी निवडला गेलो. एवढ्याच लायकीवर.


लूपलाईन
सोमवार, सायंकाळी ७:३०

आता सगळे उक्षीला निघणार असं दिसतंय. निघण्याआधी थांबे तपासा. जलद गाड्या उक्षीला थांबत नाहीत. थांबल्याच तर क्रॉसिंगपुरत्या, आणि त्याचं वेळापत्रक ब्रह्मदेवालाही माहीत नसतं. पॅसेंजर धरा, नाहीतर रत्नागिरीला उतरून मागे या. पावसाळ्यात गाड्यांच्या वेळा वेगळ्या असतात हेही बघा.


गोधडी
सोमवार, रात्री ९:१५

मे महिन्यात आईला घेऊन जाणार आहे. सडाफटिंग, सड्यावर चढ किती आहे? आईचे गुडघे.


सडाफटिंग
सोमवार, रात्री ९:४०

चढाचं मी सांगण्यात अर्थ नाही, माझे गुडघे अजून बोलत नाहीत. दुकानात विचारा, कोणीतरी रिक्षावाला वरपर्यंत नेईल. मेमध्ये सकाळी लवकर जा, नाहीतर उन्हं उतरल्यावर. डोक्यावर ऊन असलं की सावली पडत नाही आणि हत्ती दिसत नाही. पाणी जवळ ठेवा, वर झाड नाही.

चिपळूणला करवंदं मिळाली तर घ्या. आणि खांद्यावर टॉवेल टाकलेलं कोणी भेटलं, तर आधी नाव विचारा.